सोलापूरचा टाळ, अक्राचा ढोल

चिंचोळी एमआयडीसीत दुसऱ्या पाळीचा भोंगा व्हायच्या आधी अर्धा तास आमच्या गेटसमोरच्या टपरीवर बसायला जागा नसते. पुणे रस्त्यावरून वळणारे ट्रक, त्यांची धूळ, डबे घेऊन उतरणारी माणसं आणि भज्यांच्या कढईभोवतीची गर्दी. त्या दिवशी अण्णांनी बाकड्यावर पिशवी ठेवून माझ्यासाठी जागा धरली होती.

अण्णा म्हणजे आमच्या टॉवेलच्या कारखान्यातले रंगाईचे जुने मास्तर. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी एखादी शेड बसेना की मालक त्यांनाच बोलावतात. घराणं चार पिढ्यांचं ख्रिस्ती. मी मोहोळकडचा, वारकरी घरातला. मधली चार वर्षं मी पश्चिम आफ्रिकेत, घाना देशातल्या टेमा बंदराजवळच्या एका कापडगिरणीत मागांची देखभाल करत होतो. निघताना खात्यातल्या पोरांनी मला सहा वार कापड दिलं. निळं-पांढरं, मध्ये क्रूस, काठाला त्वी भाषेतलं एक वचन. त्यांच्या चर्चच्या वर्धापनदिनासाठी खास छापलेलं. ते दाखवायला म्हणूनच मी अण्णांना थांबवलं होतं.

अण्णांनी आधी क्रूस पाहिलाच नाही. कापड उलटं केलं, बोटांत चोळलं. “रंग दोन्ही बाजूंनी सारखा उतरलाय. मेणाचं काम आहे हे.” मग सुलटं करून काठावरून बोट फिरवत म्हणाले, “आणि हे काय लिहिलंय?”

“त्यांच्या भाषेतलं वचन आहे, अण्णा. अख्खी मंडळी वर्धापनदिनाला हेच कापड शिवून घालते. बायका, पुरुष, पोरं, सगळी.”

“अख्खी मंडळी म्हणजे किती?”

“आमच्या वस्तीतल्या एकाच चर्चमध्ये हजारावर. देशात तर शंभरातले एकाहत्तर ख्रिस्ती. 2021 च्या जनगणनेतला आकडा आहे. मुसलमान वीसेक टक्के.”

अण्णांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. “आणि आपल्या महाराष्ट्रात शंभरात एकसुद्धा पुरा नाही.”

मी जे मनात धरून आलो होतो ते तेव्हाच बोलून टाकलं. आज ते जसंच्या तसं लिहितो, कारण तो आगाऊपणा होता आणि तो माझाच होता. मी म्हणालो, “अण्णा, राग मानू नका. तिथला ख्रिस्ती धर्म मातीतला झाला. ढोल वाजतात, बायका रुमाल उडवत नाचतात, देवळात अख्खा गाव घाम गाळतो. आपल्याकडचा मात्र मिशनच्या बंगल्यातच राहिला. कुंपणाच्या आत. म्हणून तो वाढला नाही.”

“असं?” अण्णा म्हणाले. “मग आधी मला सांग, तिथं तो आणला कुणी?”

याचं उत्तर मला पाठ होतं. केप कोस्टचा किल्ला मी दोनदा पाहिलाय. समुद्रावर पांढऱ्याशुभ्र भिंती, खाली तळघरं. या तळघरांत माणसं कोंडायचे आणि जहाजात भरून अमेरिकेकडे न्यायचे. पुरुषांच्या तळघराच्या बरोबर वर इंग्रजांचं प्रार्थनामंदिर होतं. वाटाड्या हे सांगतो तेव्हा कुणी काही बोलत नाही. जवळच एल्मिनाचा किल्ला आहे, पोर्तुगीजांनी 1482 मध्ये बांधलेला. त्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी त्यांनी गोवा घेतला.

“खाली माणसं साखळदंडात आणि वर स्तोत्रं?” अण्णांनी विचारलं.

“हो.”

अण्णा बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “मी त्या तळघरातल्या माणसाचा पोरगा असतो ना, तर वरच्या देवाचं नाव घेतलं नसतं. तुझ्या त्या मंडळींनी कसं घेतलं?”

“त्या वरच्या लोकांकडून त्यांनी घेतलंच नाही, अण्णा. तिथंच खरी गोष्ट आहे.”

मी त्यांना फिलिप क्वाक्वेची हकिगत सांगितली. केप कोस्टचा काळा मुलगा, तेराव्या वर्षी शिकायला इंग्लंडला पाठवलेला. 1765 मध्ये त्याला धर्मगुरूची दीक्षा मिळाली, पुढच्या वर्षी तो परत आला आणि मरेपर्यंत, म्हणजे पन्नास वर्षं, त्याच किल्ल्यात पाळक म्हणून राहिला. पण परत आला तेव्हा स्वतःची फांटी भाषा विसरला होता. आपल्याच लोकांशी बोलायला त्याला दुभाष्या लागायचा. किल्ल्याबाहेर त्याचं काम फारसं रुजलंच नाही.

“भाषा गेली की पाळक राहतो, मंडळी राहत नाही,” अण्णा म्हणाले.

“नंतर 1828 मध्ये बासेल मिशनचे चार जण उतरले. तीन वर्षांच्या आत चौघेही तापानं गेले. मागून आलेल्यांपैकी एकटा आंद्रेआस रीस जगला. तो किनारा सोडून डोंगरातल्या आक्रोपोंगला गेला, पण कुणी त्याचं ऐकेना. तिथल्या राजानं त्याला विचारल्याचं सांगतात, की पुस्तक वाचणारा काळा माणूस आहे का तुझ्याकडे? असेल तर दाखव, मग बघू. रीस गेला आणि 1843 मध्ये वेस्ट इंडिजमधून वीसेक काळी ख्रिस्ती माणसं घेऊन आला. गुलाम करून नेलेल्यांचीच लेकरं, परत आपल्या किनाऱ्यावर. येताना त्यांनी आंब्याची रोपं आणली. त्या डोंगरात आज आंबे आहेत ते तेव्हापासून.”

“आंबा इथला,” अण्णा म्हणाले.

“इथला, जमैकावरून गेलेला.”

अण्णांच्या डोळ्यांत प्रथमच चमक आली. “बासेल मिशन म्हणालास ना? ते आमच्याकडचंच की. माझी आजी विजापूरकडची, घरात कानडी बोलायची. मंगळूर, धारवाड, हुबळी, विजापूर, सगळीकडे बासेल मिशन. मंगळुरात त्यांनी हातमागाचा कारखाना काढला होता आणि तिथल्या हॅलर नावाच्या माणसानं खाकी रंग बसवला, असं आम्हाला रंगाई शिकवणारे जुने मास्तर सांगायचे. किट्टेल ऐकलायस? कानडीचा कोश करणारा?”

ऐकलं होतं. सोलापुरात ज्याच्या घरात कानडी आहे, त्यानं किट्टेलचं नाव ऐकलेलं असतंच. पण एक गोष्ट अण्णांना ठाऊक नव्हती आणि ती सांगताना मलाच भरून आलं. फर्डिनांड किट्टेल आणि योहान क्रिस्टालर हे दोघे बासेलच्या एकाच शाळेत तयार झाले. 1853 मध्ये एक मंगळुरास पोचला, दुसरा आक्रोपोंगला. क्रिस्टालरनं 1871 पर्यंत अख्खं बायबल त्वी भाषेत आणलं, 1879 मध्ये तिथल्या छत्तीसशे म्हणी छापल्या, 1881 मध्ये कोश काढला. किट्टेलचा कानडी कोश आला 1894 मध्ये. तुमच्या आजीची कानडी आणि माझ्या खात्यातल्या पोरांची त्वी, दोन्ही एकाच शाळेच्या पोरांनी कागदावर नीट मांडली.

“छत्तीसशे म्हणी,” अण्णा पुटपुटले. “बायबल सांगायला आलेला माणूस आधी लोकांच्या म्हणी गोळा करतो. याला ऐकणं म्हणतात.”

मला वाटलं, माझा मुद्दा सिद्ध झाला. “बघा, म्हणूनच तिथं रुजलं. लोकांच्या भाषेत बायबल आलं, मग त्यांच्या चालीत गाणी आली. फांटी बायका तर, पाळकाचं प्रवचन चालू असताना मध्येच एखादी उभी राहून गाणं उचलते. अक्षर न येणाऱ्या म्हाताऱ्या. बाकीच्या तिला साथ करतात आणि पाळक थांबून ऐकतो. ‘एबिबिंद्वोम’ म्हणतात त्याला. पूर्वीपासून चालत आलंय.”

“आणि आमच्याकडं नाही?” आता अण्णा खरे तापले. “काय सांगायलास तू? कुंपण म्हणे! कवी नारायण वामन टिळकांच्याही आधी अहमदनगरचे कृष्णराव सांगळे येशूवर कीर्तनं करत होते. पूर्वरंग, उत्तररंग, टाळ, मृदंग, सगळं. आणि त्याच्याही अडीचशे वर्षं आधी गोव्यात फादर स्टीफन्सनं ‘ख्रिस्तपुराण’ लिहिलं. 1616 मध्ये छापलंय, जवळपास अकरा हजार ओव्या. इंग्लंडातून आलेला माणूस ज्ञानोबांचा छंद घेतो आणि मराठीची थोरवी गातो. तुझ्या त्वी बायबलाआधी दोनशे पंचावन्न वर्षं. ढोल वाजवला म्हणजेच मातीतलं होतं का? टाळ मातीतला नाही?”

“पण अण्णा, त्याच गोव्यात...”

“माहितीय मला. 1560 पासून धर्मन्यायालय बसलं आणि 1684 मध्ये लोकांची भाषाच बंद करायचा हुकूम निघाला. एका हातानं ओवी, दुसऱ्या हातानं चाबूक. ते मी झाकणार नाही. पण जे गायलं ते गायलं. पुढं नारायण वामन टिळक 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतात. चित्पावन ब्राह्मण, कवी. बायको, पोरगा, गोत, सगळं तुटलं. वर्षं गेली, मग पत्नी लक्ष्मीबाई आल्या. आणि टिळक काय म्हणत? की मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडं आलो. आमच्या चर्चमध्ये आजही त्यांची भजनं म्हणतात. पंडिता रमाबाईंनी तर केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत केलं. खेड्यातल्या बाईला कळावं म्हणून साध्या मराठीत. त्या गेल्यावर दोन वर्षांनी, 1924 मध्ये ते बाहेर पडलं. तिथंच छापलेलं, आश्रमातल्या बायकांनी. कुठाय रे तुझं कुंपण?”

मी थोडा वेळ गप्प बसलो. पण मला टिळकांचं पुढचं आयुष्य ठाऊक होतं आणि ते अण्णांनी सांगितलं नव्हतं. म्हटलं, “मग 1917 मध्ये टिळकांनी मिशनचा पगार का सोडला? साताऱ्याला जाऊन ‘देवाचा दरबार’ का मांडला? कुंपण होतं म्हणूनच ना? बाप्तिस्मा झालेला असो-नसो, ख्रिस्ताच्या मागं जाणाऱ्या कुणालाही त्यांना दरबारात घ्यायचं होतं. दोन वर्षांत ते गेले आणि दरबार तिथंच थांबला.”

अण्णा लगेच बोलले नाहीत. टपरीवाल्याला दोन बोटं दाखवून आणखी चहा सांगितला. मग म्हणाले, “खरंय. लागलं मला, पण खरंय. पगार मिशनचा, बंगला मिशनचा, शाळा मिशनची, त्यामुळं माणूसही मिशनचा वाटायचा. टिळकांना ते टोचलं. आमच्यातल्या पुष्कळांना टोचलं नाही.”

“तिथंही असंच झालं होतं.” मला आता त्यांची बाजू घ्यावीशी वाटायला लागली होती. “एफ्राइम अमू म्हणून एक संगीतकार होऊन गेले. त्यांचं चित्र तिथल्या नोटेवर छापलेलं होतं, एवढे मोठे. आक्रोपोंगच्याच अध्यापक विद्यालयात शिकवायचे. चर्चमध्ये कोट-टायशिवाय जायचं नाही, अशी रीत. हे आपल्या अंगावरचं देशी वस्त्र नेसून प्रवचनाला उभे राहिले. बांबूची बासरी आणली, ढोल आणला. चर्चच्या वडीलधाऱ्यांनी बोलावून विचारलं आणि 1933 मध्ये काढून टाकलं. काढणाऱ्यांत काळे लोकही होते, अण्णा.”

“आणि आज?”

“आज ढोलाशिवाय चर्च दाखवा. आणि अमूंनी केलेलं देशाचं गाणं शाळेतली पोरं म्हणतात.”

“मग तुझे अमू आणि आमचे टिळक एकाच वाटेवरचे,” अण्णा म्हणाले. “तिकडं वाट पुढं गेली. आमच्याकडं माणसं थोडी, म्हणून वाट बारीक राहिली. पण बारीक वाट म्हणजे परकी वाट नव्हे.”

गोष्ट इथंच थांबती तर दोघंही खूश होऊन उठलो असतो. पण माझ्या तोंडून आजोबांचं एक वाक्य गेलं. लहानपणी आमच्या गावातल्या ख्रिस्ती वस्तीबद्दल ते म्हणायचे, दुष्काळात पोटासाठी बाटले. मी ते प्रश्न म्हणून विचारलं होतं. तरी विचारलं.

अण्णांचा आवाज खाली आला. “तुझ्या आजोबांच्या गावात विहिरी किती होत्या?”

“एक पाटलाची, एक गावकीची.”

“त्यातल्या कुठल्या विहिरीवर माझा पणजोबा पाणी भरू शकत होता?”

मी काहीच बोललो नाही.

“पोटासाठी गेले असं म्हणतोस. गेलेही असतील. 1876 चा दुष्काळ, मग शतक संपताना दुसरा, सोलापूर जिल्ह्यात माणसं रस्त्यावर मरत होती. मिशननं भाकरी दिली, ती खाल्ली. पण भाकरी संपल्यावर परत का नाही गेले? पाटी मिळाली म्हणून. माझा आजा लिहायला शिकला. माझी आई इथल्या मिशनच्या वोरोनोको शाळेत शिकली. मिशनच्याच हार्डिंगबाईंनी या गावात बालवाडी काढली, ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. माणसाला कुणीतरी नावानं हाक मारली, एका बाकावर बसवलं. त्याला तू पोट म्हण, मी त्याला मान म्हणतो. आणि मान मिळवायला माणूस धर्म बदलतो, तर लाज त्याला वाटायला पाहिजे की सोडून दिलेल्या गावाला?”

मी आजोबांचं ते वाक्य परत कधी उच्चारलेलं नाही.

अण्णा स्वतःच्या लोकांनाही सोडत नाहीत, हे त्यांचं मोठेपण. पुढं ते म्हणाले, “आणि चर्चमध्ये आल्यावर जात गेली का? नाही गेली. लग्नं जुळवताना आमच्यातही आधी विचारतात, मूळचे कोण. महार ख्रिस्ती, मांग ख्रिस्ती. बाकावर एकत्र बसतील, सोयरीक नाही करणार. 1938 च्या जानेवारीत बाबासाहेब सोलापुरात आले होते, ख्रिस्ती लोकांच्या सभेला. येवल्याची धर्मांतराची घोषणा होऊन दोन-सव्वादोन वर्षं झालेली, ते कुठला धर्म घेतात याकडं सगळ्यांचे डोळे. बुद्ध आणि ख्रिस्त या दोन माणसांनी माझं मन ओढलंय, असं ते त्या सभेत बोलले. टाळ्या पडल्या असतील. पण लगेच त्यांनी मंडळींचे कान धरले. तुमच्यातले शिकले, पण अन्यायाविरुद्ध लढायला उभे राहत नाहीत. माझे वडील सांगायचे, त्या दिवसानंतर चर्चच्या आवारात कित्येक आठवडे तीच चर्चा.”

“आणि ते बौद्ध झाले.”

“झाले. आमच्यासाठी तो प्रश्न अजून उभाच आहे.”

मी घानाचं जे चित्र घेऊन आलो होतो, त्याला मी स्वतःच तडा दिला तो यानंतर. अण्णांनी एवढं खरं सांगितल्यावर मला माझंही झाकता येईना. तिथलं अक्रा शहर मूळचं गा लोकांचं. पाऊस सुरू झाला की त्यांचे जुने पुजारी मका पेरतात आणि होमोवो सणाआधी महिनाभर शहरात ढोल बंद ठेवायची त्यांची रीत आहे. पीक शांततेत वाढावं म्हणून. नवी चर्चेस आली, मोठमोठे भोंगे आणि वाद्यवृंद घेऊन आली आणि त्यांनी हे ऐकायला नकार दिला. 1998 मध्ये आणि नंतरही मारामाऱ्या झाल्या. चर्चमध्ये घुसून वाद्यं उचलून नेली गेली. तिकडून पाळक म्हणू लागले, हे भूतपूजक आम्हाला गप्प करतायत. आता दरवर्षी बैठका होतात, तडजोडी होतात. आमच्या खात्यातल्या एका पोराची आई जुन्या देवाची भक्तीण होती. पोरगा चर्चचा. दाराशी भांडं ठेवून पूर्वजांना पाणी द्यायची म्हणून त्याच्या पाळकानं तिला चेटकीण ठरवलं. तो पोरगा जेवणाच्या सुट्टीत रडला होता.

“बघ,” अण्णा म्हणाले, “ज्या ढोलासाठी अमूंची नोकरी गेली, तोच ढोल आता दुसऱ्याच्या सणावर वाजतोय. संख्या वाढली की हे येतं. हिंदू असो, मुसलमान असो, ख्रिस्ती असो. शंभरात एकाहत्तर झालो असतो तर आम्हीही कुणाच्या तरी दारातलं भांडं फोडलं असतं.”

“मग तुम्हाला घानाचा हेवा नाही वाटत?”

अण्णा थांबले. कापड अजून त्यांच्या मांडीवर होतं. “एका गोष्टीचा वाटतो. तिथं पोरांची नावं काय असतात?”

शुक्रवारी जन्मला तर कोफी, शनिवारी क्वामे, रविवारी मुलगी झाली तर अकोसुआ. बाप्तिस्म्याचं नाव वेगळं, पण घरात, रस्त्यावर, गिरणीत हाक मारतात ती वाराच्या नावानं. कोफीला कुणीही विचारत नाही की तू या देशाचा कसा.

“तेच,” अण्णा म्हणाले. “माझ्या घरात नारायण आहे, लक्ष्मी आहे, दोन विठ्ठल होऊन गेले. तरी माझ्या नातवाला कॉलेजात विचारतात, तुमचं मूळ गाव कुठलं, म्हणजे परदेशातलं. 2020 मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, उस्मानाबादला, म्हणजे इथून सत्तर किलोमीटरवर. अख्खं बायबल इतक्या गोड मराठीत लिहिलेला माणूस, साहित्य अकादमी मिळालेला. तरी विरोध झाला, धर्मगुरू कसा चालेल म्हणून. गेल्यावर सगळे म्हणाले, मराठीचा लेखक गेला. आधी म्हटलं असतं तर?”

भोंगा झाला. पहिली पाळी बाहेर यायला लागली. अण्णांनी कापडाची नीट घडी घातली, काठ काठाला जुळवून, आणि माझ्या हातात दिली.

मी परत देत म्हणालो, “तुमच्या चर्चसाठी ठेवा.”

“चर्चला मी टाळ देतो,” ते म्हणाले. “हे तू तुझ्या देव्हाऱ्याजवळ ठेव. तुझ्या पोरांनी विचारलं की सांग, काय आहे ते.”

त्या संध्याकाळी मशिनवर उभा असताना माझं मत ठरलं. धर्म मातीतला झाला की नाही, हे डोकी मोजून कळत नाही. रडताना आणि गाताना माणसाच्या तोंडी कुठली भाषा येते, त्यावरून कळतं. तसं पाहिलं तर चारशे वर्षांपूर्वीच्या ओवीपासून टिळकांच्या अभंगापर्यंत मराठी ख्रिस्ती या मातीतलेच आहेत आणि हे ठरवायचा अधिकार त्यांचा आहे, माझ्या आजोबांचा नव्हता. इथं एक कुंपण नक्की आहे. ते मिशनच्या बंगल्याचं होतं त्याहून आपण बाहेरून घातलेलं जास्त आहे, आणि त्यातली एक तार सरकारी कागदावर आहे.

अण्णांचा नातू पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. अण्णांचा पणजोबा ज्या विहिरीवर चढू शकत नव्हता, ती विहीर आमच्या गावात अजून आहे. पण अनुसूचित जातीचा दाखला नातवाला मिळत नाही, कारण त्याच्या अर्जावर धर्म ख्रिस्ती आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशात ही सवलत फक्त हिंदूंना होती. 1956 मध्ये दुरुस्ती होऊन शीख आले, 1990 मध्ये बौद्ध आले. दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान यांच्यासाठी तिसरी दुरुस्ती झालेली नाही.